फौज गेल्यानंतर कोण आलं?

माझा भाचा हातकणंगल्याहून लातूरला नीटच्या क्लाससाठी गेला, त्याला आता दीड वर्ष होत आलं. गेल्या १६ सप्टेंबरला रात्री त्याचा फोन आला. अभ्यास, मेसचं जेवण, घरची खुशाली झाल्यावर जरा थांबून म्हणाला, "मामू, उद्या इथं मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन आहे. क्लासची पोरं जाणार आहेत. मी जाऊ का?"

"जा की. त्यात विचारायचं काय?"

"नाही, रूमवरचा एक पोरगा म्हणाला, तुझा काय संबंध, तुमचीच तर हार झाली होती. मस्करीतच म्हणाला. पण म्हटलं तुम्हाला विचारावं."

मी त्याला दोन मिनिटांत काहीतरी उत्तर दिलं. जा, आपलाही देश आहे, असलं काहीतरी. फोन ठेवल्यावर माझं मलाच ते उत्तर पटलं नाही. पोरानं प्रामाणिकपणे विचारलं होतं आणि मी शाळेतल्या भाषणातलं वाक्य त्याच्या हातात ठेवलं होतं.

याच पोराच्या स्टेटसवर गाझाचे व्हिडिओ असतात आणि खाली लिहिलेलं असतं की एवढे ताकदवान देश जगात आहेत, एकाला तरी मध्ये पडता येत नाही का. त्याआधी काही दिवस त्यानं इराकवरचा एक व्हिडिओ टाकला होता, त्याखाली लिहिलं होतं की दुसऱ्याच्या देशात घुसायचा अधिकार अमेरिकेला कुणी दिला. दोन्ही वाक्यं मला पटतात. आणि दोन्ही एकदम खरी कशी, हे तो सांगू शकत नाही. मीही त्याच्या वयात सांगू शकलो नसतो. २००३ साली बगदादमधला सद्दामचा पुतळा पाडताना मी टीव्हीवर पाहिला तेव्हा मी शाळेत होतो, आणि आमच्या गल्लीत सगळ्यांचं म्हणणं एकच होतं. बोस्नियात नाटोनं विमानं पाठवायला उशीर का केला, अशी तक्रारही त्याच गल्लीत ऐकलेली. मुसलमान मेले की बाहेरच्यानं यावं, मुसलमान राजवट पडली की बाहेरच्यानं येऊ नये, असा आपला हिशोब होऊन बसलाय. याला मोजपट्टी म्हणत नाहीत.

मोजपट्टी करायची असेल तर ती घरच्या प्रकरणावर करून बघावी असं मला वाटतं. आणि आपल्या मराठी मुसलमानांच्या घरचं प्रकरण म्हणजे १९४८ चं हैदराबाद.

आपण कोल्हापूर संस्थानातली माणसं. आपलं संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं, त्यासाठी फौज यावी लागली नाही. त्यामुळे आपल्या तालुक्यात हा दिवस नसतो आणि त्यावरचा वादही नसतो. मोठ्या सत्तेनं भल्यासाठी म्हणून केलेली ढवळाढवळ मात्र कोल्हापूरकरांना नवी नाही. छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडसर ठरवून, उपचाराच्या नावाखाली इंग्रजांनी अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं. तिथंच २५ डिसेंबर १८८३ ला एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. त्या प्रकरणावर लिहिलं म्हणून त्याआधीच टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले होते. बाहेरचा माणूस 'तुमच्या भल्यासाठी' म्हणत दारात उभा राहिला तर त्याला आधी दोन प्रश्न विचारावेत, हे शिकायला आपल्याला बगदादपर्यंत जायची गरज नव्हती.

हैदराबादचं प्रकरण याहून अवघड आहे, कारण तिथं बाहेरून आलेल्याची बाजू भक्कम होती.

१५ ऑगस्ट १९४७ ला लातूर भारतात नव्हतं. नांदेड, बीड, परभणी, औरंगाबाद आणि उस्मानाबाद हे निजामाचे मराठी जिल्हे होते, लातूर त्यातल्या उस्मानाबाद जिल्ह्यात. संस्थानची लोकसंख्या १ कोटी ६० लाखांच्या आसपास, तीत मुसलमान थोडे. स्वतःचं नाणं, स्वतःची फौज, स्वतःची रेल्वे. निजामाला ना भारतात यायचं होतं, ना लोकांच्या हाती कारभार द्यायचा होता. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारताशी एक वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. तो करार चालू असताना चोरून विमानानं शस्त्रं आणली जात होती आणि गावोगाव रझाकारांच्या तुकड्या उभ्या राहत होत्या. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचाच वकील. रझाकारांनी काय केलं हे आपल्या घरांत फार बोललं जात नाही. बोललं पाहिजे. गावं लुटली, माणसं मारली, बायकांवर हात टाकले. हजारो लोक सरहद्द ओलांडून सोलापूर-बार्शीकडे पळाले. स्वामी रामानंद तीर्थ आणि स्टेट काँग्रेसची माणसं तुरुंगात होती. ती बाहेरची नव्हती, त्याच मातीतली होती, आणि त्यांचं म्हणणं साफ होतं, आम्हाला भारतात यायचंय.

आणि बोलणारे सगळे हिंदूच होते असंही नाही. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान हे नाव आपल्या किती पोरांना माहीत आहे? हैदराबादनं भारतात सामील व्हावं आणि रझाकारांना आवरावं असं ते उर्दूत, हैदराबादेत राहून लिहीत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांना रस्त्यात गाठून ठार केलं, लिहिणारा हात तोडला. भाच्याच्या रूमवरच्या पोराला हे नाव माहीत असतं तर 'तुमची हार' हे शब्द त्याच्या तोंडून इतक्या सहज आले नसते. पण दोष त्या पोराचा नाही. आपण तरी ते नाव कधी घेतलं?

कायद्याच्या अंगानं हैदराबाद हा दुसरा देश होता की नाही यावर अजून वाद घालता येतो. निजामाचं सरकार ऑगस्ट १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार घेऊन गेलं. सुरक्षा परिषदेत ती १६ सप्टेंबरला चर्चेला आली तेव्हा भारतीय फौज आत घुसून चौथा दिवस होता. भारतानं या कारवाईला 'पोलीस ॲक्शन' म्हटलं, म्हणजे घरातलीच बाब. मला त्या शब्दाच्या वादात फार रस नाही. एका बाजूला मोठी फौज, दुसऱ्या बाजूला छोटी. एका राजवटीखाली पिचलेले लोक आणि बाहेर त्यांना सोडवायला निघालेली ताकद. प्रश्न तोच आहे जो गाझात आहे, इराकात होता.

माझं मत: १३ सप्टेंबर १९४८ ला फौज आत गेली ते बरोबर होतं. लोकांनी आतून मागणी केली होती, वर्षभर बोलणी झाली होती, राजवट आपल्याच प्रजेला खासगी टोळीच्या हवाली करून बसली होती आणि तिच्याच धर्माचे शहाणे लोक तिला थांब म्हणत होते. हे मी मुसलमान असूनही म्हणतो असं नाही. मुसलमान म्हणूनच म्हणतो. जुलमी आपला आहे म्हणून त्याच्या बाजूनं उभं राहा, असं आपल्याला कुणी शिकवलेलं नाही.

सोलापूरकडून निघालेली मुख्य फौज नळदुर्गावरून पुढे गेली. १७ सप्टेंबरला संध्याकाळी निजामानं युद्धबंदी जाहीर केली, दुसऱ्या दिवशी जनरल चौधरींपुढे शरणागती झाली. पाच दिवस. इथं पाठ्यपुस्तकातला धडा संपतो.

माझी नानी लातूरपासून वीसेक किलोमीटरवरच्या एका गावातली. तेव्हा दहा वर्षांची होती. तिचे वडील हातमागावर विणायचे. रझाकारांची माणसं एकदा चंदा मागायला आली होती, वडिलांनी काहीतरी देऊन वाटेला लावलं, एवढंच तिला आठवायचं. फौजेची तिला भीती वाटली नव्हती. ट्रक गेले, धूळ उडाली, पोरं बघायला धावली. नानी तो सगळा काळ एका दमात सांगायची, मागच्या पुढच्या तपशिलाशिवाय: "रजाकार गये, फौज आयी, फौज बी गयी. फिर लोगां आये."

आसपासच्या गावांतली माणसं आली. काही ओळखीची. ज्यांचं रझाकारांनी नुकसान केलं होतं ते आले, आणि ज्यांना आयतं घर-शेत दिसत होतं तेही आले. नानीला आणि तिच्या आईला शेजारच्या कोष्ट्यांनी सुताचे गठ्ठे ठेवायच्या खोलीत अकरा दिवस लपवलं. त्या घरच्या बाईनं दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला तोंड दिलं. नानीचे वडील दुसऱ्या गावात भावाला बघायला म्हणून गेले होते, ते परत आले नाहीत. पुढे आई आणि मुलगी सोलापूरला आल्या, तिथून इचलकरंजीला, मागावरच्या कामाला. आमचं घर या भागात आलं ते असं.

लहानपणी मला वाटायचं, ही आमच्या घरची एकट्याची गोष्ट आहे. इंजिनिअरिंग संपून नोकरी लागल्यावर मी पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालाबद्दल वाचलं आणि त्या रात्री झोप लागली नाही. नेहरूंच्या सांगण्यावरून नेमलेली ही माणसं. पंडित सुंदरलाल जुने गांधीवादी, सोबत काझी अब्दुल गफ्फार. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये ते संस्थानच्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरले, शेकडो माणसांशी बोलले. त्यांचा अंदाज असा की कारवाईच्या काळात आणि नंतर मिळून किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. सगळ्यात वाईट अवस्था उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत. लातूर शहरात वीसहून जास्त दिवस कत्तल चालली, आणि तिथल्या सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी समितीला जेमतेम तीन हजार दिसले. काही ठिकाणी फौजेतल्या आणि पोलिसांतल्या माणसांनीही लुटीत हात मारला, असं त्यांनी लिहिलं. चांगलं वागलेल्या अधिकाऱ्यांचीही नोंद केली. रझाकारांचे अत्याचारही त्यांनी झाकले नाहीत.

आणि त्याच अहवालात एक बाब अशी आहे की जी वाचून मी इचलकरंजीच्या सगळ्या मागवाल्यांना ऐकवली असेल. अनेक ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, स्वतःचा जीव धोक्यात घालून, काहींनी जीव देऊन. नानीची कोष्टीण एकटी नव्हती.

सरदार पटेलांना हा अहवाल मान्य झाला नाही. सरकारनं तो प्रसिद्ध केला नाही. तुकड्या-तुकड्यांनी तो बाहेर येत राहिला आणि २०१३ च्या सुमारास दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात पाहायला मिळू लागला. पासष्ट वर्षं.

आता मूळ प्रश्नाकडे. ताकदवान देशानं कधी मध्ये पडावं, यावर जे लिहिलं-बोललं जातं ते बहुतेक सगळं 'कधी जावं' याबद्दल असतं. अत्याचार किती झाले, संयुक्त राष्ट्रांची परवानगी आहे का, दुसरे मार्ग संपले का. हे प्रश्न हवेतच. पण हैदराबादनं मला शिकवलं की यातले सगळे पेपर पास होऊनही हस्तक्षेप करणारा नापास होऊ शकतो. कारण खरा पेपर जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी असतो. राजवट पडली की त्या राजवटीच्या जातीची, धर्माची, भाषेची साधी माणसं एका रात्रीत सगळ्यात दुबळी होतात. राजा वाचतो. निजाम पुढे राजप्रमुख झाला. रझवी तुरुंगात गेला, १९५७ साली सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. लातूरजवळच्या विणकराला यातलं काहीच शक्य नव्हतं. त्याची जबाबदारी कुणाची? जो आत आला त्याची. ती घ्यायची तयारी आणि माणसं नसतील, तर त्यानं ती आधी गोळा करावीत, मग निघावं.

आमच्या धंद्यात एक अलिखित नियम आहे, शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करायचा नाही. रिलीज पाच मिनिटांत होतो. शनिवारी सिस्टीम बसते तेव्हा फोन उचलायला कुणी नसतं. तुलना थिटी आहे, माणसांच्या जिवाला सॉफ्टवेअरची उपमा देऊ नये हेही मान्य. पण १७ सप्टेंबर १९४८ हा खरोखरच शुक्रवार होता आणि युद्धबंदी संध्याकाळीच झाली, हे कॅलेंडरवर पाहिलं तेव्हा मला राहवलं नाही.

यावर एक जण मला म्हणाला, असं काही होईल हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? सगळ्यांना ठाऊक होतं. पंजाब होऊन वर्षच झालं होतं. सत्ता बदलते त्या आठवड्यात गावात काय होतं, हे १९४८ च्या भारतात शिकवायला लागत नव्हतं. आणि हैदराबाद शहरात फौजेनं शांतता राखली, म्हणजे राखता येत होती. खेड्यांकडे बघायला कुणी ठेवलं नाही.

हीच पट्टी १९७१ ला लावू. २५ मार्चला पाकिस्तानी लष्करानं ढाक्यात कत्तल सुरू केली. मारणारे मुसलमान, मरणारे बहुतेक मुसलमान. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. डिसेंबरात युद्ध झालं, १६ तारखेला ढाका पडलं. ७ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्ध थांबवा, सैन्य मागे घ्या, या ठरावाच्या बाजूनं १०४ देश होते, विरोधात फक्त ११. म्हणजे जगानं भारताला थांब म्हटलं होतं. मला तरीही वाटतं की भारत बरोबर होता आणि ते १०४ देश चूक होते. त्यामुळे परवानगी आहे की नाही एवढ्यावर मी निकाल देणार नाही. त्या वेळी आपल्यातल्या कितीतरी घरांत ढाक्याच्या बातम्या खोट्या मानल्या जायच्या, मुसलमान फौज मुसलमानांना असं मारेलच कशी म्हणून. ती फौज मारत होती.

भारतीय सैन्य मार्च १९७२ पर्यंत बांगलादेशातून बाहेर पडलं. हे मोठंच काम, फार थोड्या विजयी फौजा इतक्या लवकर घरी जातात. पण तिथंही नानीचं वाक्य आडवं येतं. उर्दू बोलणारे बिहारी मुसलमान, ज्यांच्यातल्या काहींनी पाकिस्तानी लष्कराला साथ दिली होती, ते सगळेच्या सगळे गुन्हेगार ठरले. भारतीय सैनिक होते तोवर काही वस्त्यांना पहारा होता. नंतर मारले गेले, हाकलले गेले, छावण्यांत कोंडले गेले. ढाक्याच्या जिनिव्हा कॅम्पमध्ये त्यांच्या पिढ्या वाढल्या, नागरिकत्वाचा प्रश्न २००८ साली तिथल्या उच्च न्यायालयानं मिटवला. राहिलं तर कब्जा, निघालं तर कत्तल, अशी ही अडचण आहे आणि तिला सोपं उत्तर माझ्याकडे नाही. किती दिवस थांबायचं हे आतल्या दुबळ्यांना विचारून ठरवावं, एवढं मी म्हणेन. विजेत्यांना आणि विजेत्यांच्या नव्या मित्रांना विचारून नाही.

भारताचाच श्रीलंकेतला अनुभव उलटा आहे. जुलै १९८७ चा करार दोन सरकारांमध्ये झाला. ज्यांच्यासाठी तो होता त्या तमिळांच्या सह्या त्यावर नव्हत्या. शांतिसेना म्हणून गेलेली फौज ज्यांना वाचवायला गेली त्यांच्याशीच लढत बसली, हजाराहून जास्त जवान गमावून मार्च १९९० मध्ये परतली. सरकारचं निमंत्रण होतं, लोकांचं नव्हतं.

इराकवर फार लिहीत नाही, तुम्हाला पाठ आहे. ज्या शस्त्रांसाठी गेले ती सापडली नाहीत. पण माझ्या मते त्याहून मोठा गुन्हा मे २००३ मधला आहे. एका आदेशानं इराकचं अख्खं सैन्य बरखास्त केलं, लाखो माणसं पगाराविना आणि बंदुकीसकट घरी पाठवली. त्यानंतर शिया-सुन्नी मोहल्ल्यांत जे झालं, ते लातूरपेक्षा कितीतरी मोठं लातूर होतं. सद्दाम चांगला होता म्हणून अमेरिका चुकली असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा कुर्दांना विचारावं. सद्दाम जुलमीच होता. तरीही ते जाणं चूक होतं, कारण बोलावणं कुणाचं नव्हतं आणि दुसऱ्या दिवसाची वही कोरी होती.

आणि येमेन? २०१५ पासून तिथं बॉम्ब टाकणाऱ्या आघाडीचं नेतृत्व सौदी अरेबियाकडे होतं. आपल्या किती स्टेटसवर येमेनची उपाशी पोरं दिसली? मी माझी जुनी स्टेटस आठवून बघितली. एकही नाही.

म्हणून गाझाबद्दल भाच्याला माझं उत्तर असं आहे. मोठे देश तिथं मध्ये पडत नाहीत, हे खरं नाही. अमेरिका तिथं आहेच, शस्त्रं देऊन आणि सुरक्षा परिषदेत व्हेटो वापरून. तिथं पहिला हस्तक्षेप म्हणजे स्वतःचा हात काढून घेणं. दक्षिण आफ्रिका काही महासत्ता नाही, तिनं डिसेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला दाखल केला आणि जानेवारीत न्यायालयाकडून अंतरिम आदेश मिळवला. फौजेविना एवढं होऊ शकतं. फौज मागायची असेल तर ती लोकांच्या मध्ये उभी राहायला मागावी. आणि हे मागताना उद्या युद्ध थांबलं, बाजू फिरली, तर तिथल्या साध्या ज्यू माणसाला कोण सांभाळेल, हा प्रश्नही आपल्या तोंडून आला पाहिजे. अवघड आहे. आपल्यातल्या काही जणांना हे वाक्य वाचून माझा राग येईल. पण लातूरच्या कोष्टिणीनं ते केलं होतं. रझाकारांनी तिच्या लोकांचं काय केलं होतं, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

सूरह हुजुरातच्या नवव्या आयतीत श्रद्धावंतांचे दोन गट भिडले तर काय करावं, याचा क्रम आहे. आधी समेट घडवा. एकानं अतिरेक केला तर तो वळेपर्यंत त्याच्याशी लढा. आणि वळला की पुन्हा समेट करा, न्यायानं. आपले वक्ते मधल्या टप्प्यावर तासभर बोलतात. शेवटच्या टप्प्यावर किती खुतबे ऐकलेत ते आठवून बघा.

राहिला झेंडावंदनाचा प्रश्न. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मीच त्याला फोन केला. म्हटलं, जा. पुढच्या रांगेत उभा राहा. तो दिवस रामानंद तीर्थांचा आहे, तसा शोएबुल्ला खानचा पण आहे, आणि निजाम तुझा कुणी लागत नव्हता. त्या रूमवरच्या पोराशी भांडू नकोस, त्याला नानीचं वाक्य सांग. पुढचं तो विचारेल, नाही विचारलं तरी हरकत नाही. आणि झेंडा वर गेल्यावर आपल्या पणजोबांसाठी मनात फातिहा पढ. त्यांना कबर नाही, तिथंच कुठंतरी आहेत ते.

"दोन्ही एकदम करता येतं?" त्यानं विचारलं.

"मला येतं," मी म्हणालो. "तू बघ."

संध्याकाळी त्याचा मेसेज आला. गेलो होतो. पाऊस होता. शेव-चिवडा आणि चहा दिला. खाली आणखी एक ओळ होती: मामू, नानीच्या गावाचं नाव पाठवा, रविवारी क्लास नाही, तो पण येतो म्हणतोय.